रुबेला: इंदूरच्या मराठी घरांतून नेहमी येणारे प्रश्न

राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग, सुदामा नगर इथल्या आया, आज्या आणि नव्या सुना हे प्रश्न दवाखान्यात विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, भाजी घेता घेतासुद्धा विचारतात. रुबेलाची भीती जिथे बाळगायला हवी तिथे फारसं कुणी बाळगत नाही, आणि जिथे काहीच कारण नसतं तिथे घरच्यांची झोप उडालेली असते, असं मला वारंवार दिसतं. म्हणून काही उत्तरं मुद्दाम लांब लिहिली आहेत.

रुबेला म्हणजे गोवरच ना?

नाही. दोन्हींत अंगावर लाल पुरळ येतं आणि दोन्हींची लस एकाच इंजेक्शनात मिळते, त्यामुळे गल्लत होते. पण विषाणू वेगळे आहेत. गोवरात मूल खरोखर आजारी पडतं: ताप चढतो, नाक-डोळे वाहतात, खोकला थांबत नाही, पुढे न्यूमोनियाही होऊ शकतो. रुबेलात ताप बेताचा असतो आणि मूल बहुतेक वेळा खेळत असतं. जुनी माणसं त्याला जर्मन गोवर किंवा तीन दिवसांचा गोवर म्हणतात. गोवर येऊन गेला म्हणून रुबेलापासून सुटका होत नाही. इथल्या लसीकरण कार्डावर ‘खसरा-रुबेला’ किंवा ‘एमआर’ लिहिलेलं असतं, ते या दोन आजारांसाठीच.

पुरळ रुबेलाचं आहे हे घरी ओळखता येतं का?

खात्रीने नाही. नुसतं बघून डॉक्टरलाही सांगता येत नाही, कारण डेंग्यू, इतर काही विषाणू आणि औषधाची अॅलर्जी यांतही असंच पुरळ येतं. अंदाज मात्र बांधता येतो. रुबेलाचं पुरळ आधी चेहऱ्यावर उठतं, मग एखाद्या दिवसात गळा, छाती, पोट करत हातापायांवर उतरतं, आणि ते पायांपर्यंत पोचेस्तोवर चेहरा निवळायला लागतो. ठिपके फिकट गुलाबी असतात, त्यांत पाणी भरत नाही. पाण्याने भरलेले फोड दिसले तर कांजिण्यांचा विचार करा.

एक खूण हाताला लागते. मुलाला समोर बसवा आणि दोन्ही कानांच्या मागे, तसंच डोक्याचा मागचा भाग मानेला मिळतो तिथे बोटांची टोकं हळूच फिरवा. रुबेलात तिथे वाटाण्याएवढ्या गाठी लागतात, दाबल्या की मूल मान आखडून घेतं. पुरळ दिसण्याच्या आधीपासून त्या असतात आणि नंतरही काही आठवडे राहू शकतात. मोठ्या बायकांमध्ये बोटांचे सांधे, मनगटं आणि गुडघे दुखतात. कधीकधी तेवढंच लक्षण ठळक असतं आणि ते थकव्याच्या नावावर खपून जातं.

लागण झालेल्यांपैकी पाव ते निम्म्या लोकांत तर काहीच दिसत नाही. तेही इतरांना आजार देऊ शकतात.

तीन दिवसांत बरं होतं, मग एवढं महत्त्व कशाला?

पोटातल्या बाळासाठी. १९४१ साली सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतःच मोतीबिंदू असलेल्या ७८ बाळांची नोंद केली. त्यांतल्या ६८ बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता. तोपर्यंत हा क्षुल्लक आजार समजला जात होता. पुढे १९६४-६५ मध्ये अमेरिकेत मोठी साथ आली आणि जवळपास २०,००० बाळं रुबेलाचे परिणाम घेऊन जन्माला आली. लस १९६९ मध्ये तिथे मान्य झाली, ती या धक्क्यानंतर.

गरोदर बाईला पहिल्या १२ आठवड्यांत लागण झाली तर दहांपैकी नऊ बाळांपर्यंत दोष पोचू शकतो. डोळ्यांचे मोतीबिंदू, काचबिंदू, हृदयातली बंद व्हायला हवी असलेली नळी उघडी राहणं, बहिरेपण, डोक्याची वाढ कमी होणं असे हे दोष आहेत, आणि बऱ्याचदा ते एकत्र येतात. गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटातच दगावू शकतं. १२ ते १६ आठवड्यांच्या लागणीत धोका उतरतो, उरतं ते मुख्यतः बहिरेपण. २० आठवड्यांनंतर दोष क्वचितच दिसतात. या सगळ्याला जन्मजात रुबेला सिंड्रोम म्हणतात आणि त्यावर मागे फिरवणारा उपाय नाही.

नातवाला पुरळ आलंय, पण तो ठणठणीत आहे. रविवारी घरात मुंज आहे. त्याला फक्त गर्भारशींपासून लांब ठेवलं तर चालेल ना?

नाही चालणार, आणि या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक घराने ऐकावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे तीन महिने पूर्ण होईपर्यंत बातमी सांगत नाहीत. डोहाळजेवणाला ओटी भरलेली, सातव्या महिन्यातली बाई सगळ्यांना दिसते, तिला तुम्ही जपाल. पण तिच्या बाळाला धोका आता फारच कमी उरलेला असतो. खरा धोका आहे तो पंगतीत वाढणाऱ्या त्या वहिनीला, जिची पाळी आठ दिवसांपूर्वी चुकली आहे आणि जिने नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. कदाचित तिला स्वतःलाही अजून ठाऊक नसेल. तिला तुम्ही ओळखणार कसं?

म्हणून पुरळ उठल्यापासून सात दिवस मुलाला शाळा, शिकवणी, मुंज, आरती, राजवाड्यावरची खरेदी, सगळं बंद. ‘माता आल्या’ म्हणून मुलाला एका खोलीत ठेवून बाहेरच्यांना येऊ न देण्याची जुनी रीत इथे उपयोगाची आहे, ती पाळा. मात्र तीच रीत म्हणून डॉक्टरला न दाखवणं किंवा शेजारणींना ‘दर्शनाला’ आत बोलावणं करू नका.

आणखी एक काम करा. पुरळ दिसण्याच्या आधीचे साधारण सात दिवस मूल संसर्ग पसरवत असतं. त्या आठवड्यात ते ज्यांच्या घरी गेलं, ज्या वाढदिवसाला होतं, तिथल्या बायकांना फोन करा. कोण गरोदर आहे हे विचारू नका, कुणीही असू शकतं असं धरून फक्त सांगा: ‘आमच्याकडे पुरळ निघालंय, रुबेला असू शकतो, गरज वाटली तर डॉक्टरांशी बोलून घ्या.’ कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

औषध काय द्यायचं?

विषाणू मारणारं औषध नाही. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, विश्रांती. मुलांना अॅस्पिरिन देऊ नका. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. मूल सुस्त झालं, झटके आले, अंगावर जांभळे डाग किंवा नाकातून रक्त दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. मेंदूला सूज येणं किंवा प्लेटलेट घसरणं क्वचित घडतं, पण घडतं.

पुरळ आल्या दिवशीच रक्त तपासलं, आयजीएम निगेटिव्ह आलं. मग रुबेला नाही ना?

इतक्या लवकर तसं म्हणता येणार नाही. आयजीएम हे ताज्या लागणीचं अँटिबॉडी आहे, पण ते रक्तात तयार व्हायला वेळ लागतो. पुरळ आल्यानंतर पाचव्या दिवसाच्या आसपास घेतलेला नमुना जास्त भरवशाचा असतो. पहिल्या दिवसांत घशाच्या स्वॅबवर किंवा लघवीवर आरटी-पीसीआर करता येते. ताप आणि पुरळ असलेल्या रुग्णाची माहिती सरकारी आरोग्य यंत्रणेला कळवायची असते, तिच्यामार्फत नमुने तपासायलाही जातात. त्यामुळे आशाताई किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टर घरी विचारपूस करायला आल्या तर त्यांना टाळू नका. मोहल्ल्यात साथ आहे की नाही हे त्यातूनच कळतं.

सुनेच्या टॉर्च टेस्टमध्ये (गरोदरपणात करतात ती काही संसर्गांची रक्ततपासणी) रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह आलंय. आता बाळाचं काय?

आयजीएम निगेटिव्ह असेल तर बाळाचं काहीही नाही. ही चांगली बातमी आहे.

हा कागद मी कितीदा तरी पाहिला आहे. सहा-आठ ओळी, त्यांत रुबेला आयजीजीसमोर ठळक अक्षरांत ‘रिअॅक्टिव्ह’, आकडा २०० च्या पुढे, बाजूला वरच्या दिशेचा बाण. कागद हातात धरलेल्या सासूबाईंचा चेहरा उतरलेला, सून गप्प, आणि कुणीतरी आधीच ‘खराबी आहे’ म्हणून सांगून टाकलेलं. आयजीजी म्हणजे शरीराने कधीतरी रुबेला पाहिलेला आहे, लशीतून किंवा लहानपणी नकळत झालेल्या आजारातून, आणि आता संरक्षण आहे. बहुतेक प्रयोगशाळा १० च्या वरचा आकडा पॉझिटिव्ह धरतात. आकडा मोठा आहे म्हणून आजार मोठा असं मुळीच नाही. भारतात बहुतेक मोठ्या बायकांचं आयजीजी पॉझिटिव्हच येतं. ते ‘कमी करण्याची’ गोळी नसते, तशी लिहून दिली असेल तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्या. आधीच्या गर्भपाताचं खापरही या कागदावर फोडू नका.

गरोदरपणात काळजी करायला लावणारा निकाल उलटा असतो: आयजीजी निगेटिव्ह. अशा बाईला संरक्षण नाही, तिला पुरळवाल्या मुलांपासून जपायचं आणि बाळंतपणानंतर लस द्यायची.

आणि आयजीएम पॉझिटिव्ह आलं तर?

तरी एका कागदावर निर्णय घेऊ नका. ज्या गरोदर बाईला पुरळ नव्हतं, रुग्णाचा संपर्क नव्हता, तिच्यात आलेलं आयजीएम पॉझिटिव्ह बऱ्याचदा खोटं निघतं. दुसऱ्या विषाणूच्या लागणीत, संधिवातात रक्तात सापडणाऱ्या एका घटकामुळे (रुमेटॉइड फॅक्टर), कधी लशीनंतर लांबलेल्या आयजीएममुळे चाचणी फसते. खात्रीसाठी दोन वाटा आहेत. एक, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने आयजीजीचे दोन नमुने त्याच प्रयोगशाळेत तपासायचे: चौपट किंवा जास्त वाढ दिसली तर लागण ताजी. दुसरी, आयजीजी अॅव्हिडिटी, म्हणजे हे अँटिबॉडी विषाणूला किती घट्ट धरतं याची तपासणी: ती जास्त आली तर लागण जुनी, काही महिन्यांपूर्वीची, आणि कमी आली तर नुकतीच झालेली असू शकते.

केवळ एका आयजीएमवरून हवंहवंसं गर्भारपण संपवल्याचं ऐकलं की जीव तुटतो. लक्षण नाही, संपर्क नाही, तर रुबेलासाठी टॉर्च करायचीच कशाला, हेही डॉक्टरांना विचारा. गरोदर राहण्याआधी एकदा आयजीजी पाहणं हा खरा उपयोगी वेळ आहे.

मला दुसरा महिना आहे आणि परवा पुरळ आलेल्या भाच्याला मांडीवर घेतलं होतं. आता?

आजच डॉक्टरांकडे जा, पुरळ येण्याची वाट पाहू नका. आधी कधी आयजीजी झालं असेल तो रिपोर्ट शोधा. नसेल तर लगेच रक्त द्या: संपर्कानंतर इतक्या लवकर आयजीजी पॉझिटिव्ह आलं तर ते जुनं संरक्षण आहे, निश्चिंत राहा. निगेटिव्ह आलं तर संपर्कानंतर साधारण तीन आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. लागण झाल्यापासून पुरळ यायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, १२ ते २३ दिवसांत कधीही. म्हणून मधले दिवस शांत गेले तरी तपासणी टाळू नका. भाच्याचीही तपासणी करून घ्या, त्याला रुबेला नव्हताच असं ठरलं तर प्रश्नच मिटतो.

संपर्कानंतर दिलेली लस किंवा इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) बाळाला खात्रीने वाचवत नाही.

लागण पक्की झाली तर?

मग कितव्या आठवड्यात झाली यावर सगळं अवलंबून. मोठ्या केंद्रात गर्भजलाची पीसीआर तपासणी होते, पण ती १८-२० आठवड्यांनंतर आणि लागणीनंतर सहा आठवडे गेल्यावरच अर्थपूर्ण ठरते. सोनोग्राफीत हृदयाचे काही दोष दिसतात, बहिरेपण दिसत नाही. सोनोग्राफी चांगली आली म्हणजे बाळ ठीकच, असं म्हणून चालत नाही.

कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, २०२१ च्या दुरुस्तीनुसार काही ठरावीक परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, आणि गर्भात गंभीर दोष असल्यास त्यापुढे वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने. निर्णय त्या बाईचा आहे. सासर-माहेरच्यांनी तिच्या बाजूला बसावं, तिच्या वतीने बोलू नये.

लग्न ठरलंय. मला लहानपणी लस मिळाली का, कसं कळणार?

मध्य प्रदेशात शाळाशाळांतून एमआर मोहीम २०१९ च्या सुरुवातीला झाली, नऊ महिने ते १५ वर्षांखालच्या मुलांसाठी. तेव्हा तुमचा जन्म साधारण २००४ किंवा त्यानंतरचा असेल आणि शाळा इथलीच असेल तर लस मिळालेली असण्याची शक्यता बरी आहे. महाराष्ट्रात मोहीम २०१८ च्या नोव्हेंबरात, गुजरातेत त्याच वर्षी जुलैत झाली. त्याहून मोठ्या मुलींना आईवडिलांनी खासगीत एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस) दिली असेल तरच. त्या काळी सरकारी केंद्रातून मिळायची ती फक्त गोवराची.

कागद सापडत नसेल तर आयजीजी तपासा किंवा सरळ एमएमआरचा एक डोस घ्या. आधीच संरक्षण असलेल्याला डोस मिळाला तर अपाय नाही. एका डोसने शंभरातल्या पंचाण्णवांना रुबेलापासून संरक्षण मिळतं. फक्त घेतेवेळी गरोदर नसणं आणि पुढचा एक महिना दिवस न जाऊ देणं आवश्यक. म्हणून साखरपुडा आणि लग्न यांच्या मधला काळ सोयीचा. शालू, दागिने आणि हॉलच्या यादीत ही एक ओळ आईने लिहून ठेवावी.

लस घेतली आणि नंतर कळलं की दिवस गेले होते.

घाबरू नका. गर्भपाताची गरज नाही. अशा अनेक गरोदरपणांचा जगभर पाठपुरावा झाला आहे आणि लशीमुळे बाळात जन्मजात रुबेला सिंड्रोम झाल्याचं आढळलेलं नाही. महिनाभर थांबा हा नियम निव्वळ खबरदारीचा. डॉक्टरांना सांगून ठेवा, एवढंच.

अंगावर पाजत असताना चालते?

हो. बाळंतपणानंतर घरी सोडण्याआधीच घेतली तर उत्तम. रक्त चढवलं असेल किंवा अँटी-डी (आरएच-निगेटिव्ह आईला देतात ते इंजेक्शन) दिलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, म्हणजे तीन महिन्यांनी संरक्षण तयार झालं का हे पाहता येईल.

सरकारी एमआर आणि खासगी एमएमआर, फरक काय?

एमएमआरमध्ये गालगुंडाची लस जास्तीची असते. रुबेलापुरतं बघाल तर दोन्ही सारख्याच. सरकारी वेळापत्रकात पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत, उजव्या दंडात, फुकट. खासगी बालरोगतज्ज्ञ बहुधा ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षं असे एमएमआरचे तीन डोस देतात. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटची लस देशभर जाते. ‘सरकारी म्हणून हलकी’ हा समज सोडून द्या.

अंगणवाडीत लस घेताना एक गोष्ट बघा. ही लस पावडरच्या रूपात येते, सिस्टर तिथेच द्रावण घालून ती तयार करतात आणि कुपीवर वेळ लिहितात. त्यानंतर ती चार तासांतच वापरायची असते. ती वेळ विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे, चांगल्या सिस्टर स्वतःहून कुपी दाखवतात.

बाळाला सर्दी आहे. पुढे ढकलू?

साध्या सर्दी-खोकल्यासाठी नको. खूप ताप असेल तर थांबा. प्रतिकारशक्ती फार खालावलेली असेल, किंवा आधीच्या डोसला, निओमायसिनला किंवा जिलेटिनला तीव्र अॅलर्जी आली असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. लशीनंतर आठवड्याभराने एखाद-दोन दिवस ताप किंवा बारीक पुरळ येऊ शकतं, मोठ्या बायकांचे सांधे थोडे दुखतात. ते आपोआप जातं आणि त्यातून दुसऱ्याला रुबेला होत नाही.

या लशीने मुलींना पुढे मूल होत नाही, असं व्हॉट्सअॅपवर आलं होतं.

साफ खोटं आहे. मोहिमेच्या वेळी हे संदेश गावोगाव फिरले आणि काही पालकांनी मुलींना त्या दिवशी शाळेतच पाठवलं नाही. त्याच मुलींना पुढे गरोदरपणात धोका राहिला. ऑटिझमची अफवा १९९८ च्या एका शोधनिबंधातून उठली, तो ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला.

मुलग्यांना कशाला द्यायची?

कारण आजार घरी आणतात ते मुलगे आणि पुरुषही. जपानने आधी केवळ मुलींना लस दिली. २०१२-१३ मध्ये तिथे १४,००० हून अधिक लोकांना रुबेला झाला, त्यांत मोठ्या पुरुषांचा भरणा होता, आणि ४५ बाळं जन्मजात सिंड्रोम घेऊन आली. नोकरीसाठी इंदूर-पुणे करणाऱ्या होणाऱ्या बाबांनीही एक डोस घ्यावा असं मी सांगते.

बाळ जन्मलं, पण काहीतरी चुकतंय असं वाटतं. कुठे जाऊ?

बाहुलीच्या काळ्या गोलात पांढरं दिसत असेल किंवा मोबाइलच्या फ्लॅशमध्ये एक डोळा पांढरा चमकत असेल, दूध पिताना बाळ घामाघूम होऊन थांबत असेल, भांडं पडलं तरी दचकत नसेल, तर ‘मोठं झालं की होईल’ म्हणू नका. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर दृष्टी वाचायची आशा जास्त. ऐकण्याची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि यंत्र किंवा उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हायला हवेत. ओएई आणि बेरा या ऐकण्याच्या चाचण्यांत बाळाला काही दुखत नाही.

एमवाय रुग्णालय आणि तिथलं चाचा नेहरू बाल रुग्णालय इथे डोळे, कान, हृदय तिन्हींसाठी दाखवता येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपण आणि हृदयदोष यांची तपासणी व उपचार मोफत बसतात, ते तिथे विचारा. आणि हे नक्की सांगा की बाळाला रुबेला असू शकतो: असं बाळ वर्षभरापर्यंत लाळेतून, लघवीतून विषाणू सोडू शकतं. बारशाला येणाऱ्या गरोदर आत्या-मावश्यांनी, आणि मालिशवाली बाई गरोदर असेल तर तिनेही, त्याला घेऊ नये. बाकी घराने त्याला भरपूर कुशीत घ्यावं.

कार्ड हरवलंय.

जिथे डोस घेतला त्या केंद्रात नोंद विचारा. यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर नोंद झाली असेल तर मोबाइल नंबरने निघते. काहीच नाही मिळालं तर डोस झाला नाही असं धरून पुन्हा द्या.